साकवाचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीतून पऱ्या वाहतो. अलीकडे आमचं थोरलं घर, पलीकडे काकीचं. पावसात पऱ्या भरला की काकीला गणपतीला यायचं तर लांबच्या पुलावरून वळसा, आणि तिचे गुडघे आता ते ऐकत नाहीत. यंदाही गणपतीच्या जेवणाला तिचं पान रिकामंच राहिलं. पऱ्यावर पायी जाण्यापुरता साकव व्हावा, एवढीच आमची राजकीय महत्त्वाकांक्षा.

आमदारसाहेबांचीही तीच असावी. कारण दर निवडणुकीआधी ते येऊन साकवाचा नारळ फोडतात. मधली पाच वर्षं साकव कुठे असतो, ते विधानसभेलाच ठाऊक.

यंदा पुन्हा निरोप आला, साहेब नारळ फोडायला येताहेत. मी जेवताना जाहीर केलं, "आमदारकी दोनदाच. मग घरी. कायदाच हवा."

"तो करणार कोण? तेच ना?" बायको आमटी वाढत म्हणाली. "आणि नव्या माणसाला पऱ्या कुठे आहे ते कळेपर्यंत त्याची मुदत संपायची."

"ह्यांना कळून काय उजेड पडला?"

"मग त्यांना विचारा. माझ्यावर कसले डोळे वटारताय?"

तिथेच माझी गोची. साहेब दिसले की माझे हात आपोआप जुळतात आणि तोंडून निघतं, "चहा घेणार ना?" पण गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. नारळ फुटण्याआधी देवाला साकडं मीच घालतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. देवाशी बोलताना मी कोणाला भीत नाही. भात संपेपर्यंत माझं ठरलं होतं.

पऱ्या अजून भरलेलाच होता. पलीकडे काकी छत्री घेऊन उभी. इकडे साहेब, हातात नारळ, डोळे मिटलेले.

"बा देवा महाराजा, तुझी लेकरं आज पऱ्याच्या काठी जमली आहेत!"

"होय महाराजा!"

"ह्या साकवाचे नारळ तुला मोप मिळाले, साकव मात्र आम्हाला दिसला नाही!"

"होय महाराजा!"

"दोनदा निवडून येऊन ज्याच्या हातून साकव होणार नाही, त्याला तिसऱ्यांदा मत मागायला आमच्या दारात आणू नको रे महाराजा!"

"होय महाराजा!"

सवय ती सवय. त्यात साहेबांचाही आवाज होता, चांगला खणखणीत. मग त्यांनी डोळे उघडले. तेवढ्यात पलीकडून, जरा उशिरा, काकीचं आलं, "होय म्हाराजाऽऽ!"

साहेब हसले. "थेट देवाकडे तक्रार?"

"तुमच्याकडे करून झाली, साहेब." हे मी बोललो?

"अहो, फाईल हलायलाच पाच वर्षं जातात. दोन खेपांत काय होणार?"

"मग नारळ फाईल हलल्यावर फोडू." आणि मी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. चहा मात्र विचारला. ते थांबले नाहीत.

नारळ आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. साकवाचा पहिला खांब उभा राहील तेव्हाच तो फुटेल. दर सोमवारी मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसतो. तिथला शिपाई आता मला बघितलं की आपणच खुर्ची सरकवतो. संध्याकाळी परतताना पलीकडून हाक येते.

"फुटला काय रे नारळ?"

"नाय गो काकी."

"मग सोमवारी परत जा. आणि डबा ने, उपाशी बसू नको."