पान बदलत नाही

विश्रांतवाडीत महिपती रंगारींच्या दाराची बेल वाजली, की कडी निघायच्या आधी आतून प्रश्न येतो, "कोण? कुठून? कार्ड दाखवा." मीटरचा आकडा घ्यायला आलेल्या बिचाऱ्यानं कार्ड दाखवलं, की पुढचं वाक्य ठरलेलं, "कार्ड काय, कोणीही छापतं." मग त्यांच्या पत्नी ललिताबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, घेऊ द्या त्याला आकडा, मीटर काही खिशात घालून नेत नाही तो!" तरीही रंगारी त्या माणसाच्या मागे उभे राहून मीटरचा स्वतः एक फोटो काढतात. अनोळखी नंबरचा फोन उचलत नाहीत. तोंडी शब्दावर काहीच करत नाहीत. "मेल टाका," हे त्यांचं आवडतं वाक्य.

या स्वभावाला एक कहाणी आहे आणि ती ऐकली नाही असा माणूस त्यांच्या ओळखीत नाही. एक्क्याण्णव साली ते पवनीजवळच्या गावातून, भंडारा जिल्ह्यातून, पत्र्याची पेटी घेऊन पुण्यात शिकायला आले. वसतिगृहात जागा मिळायची तर ठरल्या दिवशी कागद दाखवायचे होते. छापील पत्त्यावर गेले तर कुलूप. ऑफिस हललेलं. नव्या जागी पोचेपर्यंत वेळ संपली, जागा गेली आणि ते वर्षही गेलं. "जुना पत्ता मुद्दाम छापला होता," ते सांगतात, "आमच्यातल्या पोरांनी पोचूच नये म्हणून." तेव्हा असं होतच नव्हतं असं कोण म्हणेल? त्यामुळे ऐकणारा गप्प बसतो आणि रंगारींचा संशय आणखी एक वर्षानं पक्का होतो.

योगायोग बघा, आज खराडीतल्या एका कंपनीत ते जे पोर्टल सांभाळतात, ते वसतिगृहांच्या प्रवेशाचंच. एका विद्यार्थी संस्थेची सहा वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज, याद्या, तारखा सगळं त्या पोर्टलवर. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं जुनं काम. त्यात एकशे बारा पानं. प्रत्येक पान सर्व्हरवर साच्याच्या रूपात पडलेलं असतं. कुणी ते पहिल्यांदा उघडलं, की सर्व्हर जागा होतो, त्या साच्याचा जावा प्रोग्रॅम बनवतो, तो कंपाइल करतो, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणतो, आणि मग पान दाखवतो. पहिल्या माणसाला अर्धं मिनिट ताटकळावं लागतं, पुढच्यांना नाही. म्हणून नवं रिलीज चढलं, की रंगारी सकाळी सातला येऊन एकशे बाराच्या एकशे बारा पानं स्वतः उघडत. याला ते 'पानं तापवणं' म्हणत. बावीस वर्षांत हे काम त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही. आणि एखाद्या पानावरचा शब्द चुकला, तर सरळ सर्व्हरवर जाऊन तिथल्या तिथे दुरुस्त करत. साचा बदलला, की सर्व्हर तो पुन्हा कंपाइल करणारच. दोन मिनिटांत काम फत्ते, कुणाला विचारायला नको.

मग गेल्या पावसाळ्यात अपेक्षा खोब्रागडे आली. वय सव्वीस, नागपूरची. आपल्याच भागातली, आपल्याच समाजातली, म्हणून कुणी खूश झालं असतं; रंगारींना दुप्पट संशय आला. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, "सर, ही सगळी पानं बिल्डच्या वेळीच, रिलीज बांधतानाच, कंपाइल करून टाकू या ना. तयार पानं पॅकेजमधूनच सर्व्हरवर जातील. एखाद्या पानात चूक असली तर बिल्डच थांबेल, लोकांसमोर फुटणार नाही. आणि तुम्हाला सकाळी सातला यायला नको."

बाकीच्यांना शेवटचं वाक्य काळजीचं वाटलं. रंगारींच्या कानावर ते 'तुम्ही यायला नको' असं पडलं. बावन्नाव्या वर्षी माणसाला असं ऐकू येतं. मॅनेजर चेतन लगेच हो म्हणाला, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं असणार. रंगारी एवढंच म्हणाले, "मेल टाका." तिनं टाकली. त्यांनी ती छापून 'पुरावे' असं लिहिलेल्या फाइलमध्ये लावली आणि ड्रॉवरला कुलूप घातलं.

सोमवारी नवं रिलीज चढलं, या नव्या पद्धतीनं पहिलंच; पानं तापवायची गरज उरली नव्हती. गुरुवारी कागद तपासणीचा दिवस होता, एकच दिवस, अकरा ते चार. गुरुवारी सकाळी दहाला रंगारींनी तपासणीचं पान उघडलं. पत्ता कसबा पेठेचा होता. संस्थेचं कसब्यातलं ऑफिस महिन्यापूर्वीच बंद होऊन कोथरूडला गेलं होतं. तसं पत्र आल्याबरोबर रंगारींनी स्वतःच्या हातानं, सर्व्हरवर जाऊन, तो पत्ता बदलला होता. मग जुना पत्ता परत आणला कुणी?

त्यांनी सर्व्हरवरचा साचा उघडला, कसबा पेठ खोडून कोथरूड लिहिलं, सेव्ह केलं. पान पुन्हा उघडलं. कसबा पेठ. साचा परत बघितला. कोथरूड. पान, कसबा पेठ. दोन-चारदा असंच झालं. आपण लिहायचं आणि कुणीतरी मागून पुसायचं, असा खेळ चालला होता. आणि असा खेळ करणारं या मजल्यावर होतंच कोण?

विचारलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण चोराला कुणी विचारतं का? चोराला पकडतात. रंगारी खुर्ची वळवून अपेक्षाच्या पाठीकडे बघत बसले. वहीत वेळ टिपू लागले. १०.५०, फोनवर हसली. ११.१५, काहीतरी टाइप केलं, मी साचा बदलल्यावर लगेच. ११.४०, चेतनकडे जाऊन आली. मधूनमधून साचा बदलत, पान बघत, हात चोळत. पोरं एव्हाना कसब्यात पोचली असतील, हा विचार येई. पण पुरावा जमत आला होता, आणि पुरावा सोडून उठणं त्यांना जमेना. पोरांची नव्हे, स्वतःची लढाई लढत होते ते. त्यांचं हे वागणं मला पटत नाही, पण त्यांना तेव्हा दुसरं काही दिसत नव्हतं.

एक वाजता ते तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "सकाळपासून माझी दुरुस्ती पुसताय. का? पोरांचं वर्ष जाईल, एवढं तरी कळतं का आपल्याला?"

अपेक्षा घाबरली, मग तिनं शांतपणे सर्व्हरवर कोण कोण आलं याची यादी उघडली. सकाळपासून एकच नाव होतं. आठ वेळा, एम रंगारी.

"सर, तुमची दुरुस्ती तिथंच आहे, कुणी पुसली नाही," ती म्हणाली. "पण सर्व्हर आता साचा बघतच नाही. पान आधीच कंपाइल होऊन पॅकेजमध्ये बसलंय, तो तेच दाखवतो. महिन्यापूर्वी तुम्ही पत्ता सर्व्हरवर बदललात, मूळ कोडमध्ये नाही. त्यामुळे सोमवारच्या बिल्डमध्ये जुनाच गेला. मी मेलमध्ये लिहिलं होतं ना?"

रंगारींनी ड्रॉवर उघडला. फाइलमधला कागद काढला. दुसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत होतं: यापुढे सर्व्हरवर केलेला बदल दिसणार नाही, कृपया कोडमध्ये करावा. पुरावा म्हणून जपलेला कागद त्यांनी वाचलाच नव्हता.

"मी दहापासून इथंच होते, सर," अपेक्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "विचारलं असतंत तर अकराच्या आत झालं असतं. आता चेतनची परवानगी, बिल्ड, चाचणी... अडीच तरी वाजतील."

"तुम्ही ते करा," रंगारी म्हणाले. स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले.

गर्दीतून वाट काढत, चुकत, स्कूटर एका चौकात लावून पायी ते कसब्यातल्या त्या गल्लीत पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. ऑफिसला कुलूप. शेजारच्या तांब्या-पितळेच्या दुकानदारानं हातातली परात खाली न ठेवता सांगितलं, "सकाळपासून आठ-नऊ जण आले. मी काय चौकशी खिडकी उघडून बसलोय? गेले कुठंतरी."

रंगारींना पायरीवर बसावंसं वाटलं. तेवढ्यात एक माणूस आणि त्याची मुलगी गल्लीत शिरले. मुलीच्या पाठीवर सॅक, माणसाच्या छातीशी कागदांची फाइल. दोघं कुलपाकडे बघत राहिले.

"वसतिगृहासाठी आलात ना?" रंगारी पुढे झाले. "ऑफिस कोथरूडला गेलं. चारपर्यंत वेळ आहे. चला, मी दाखवतो."

त्या माणसानं फाइल घट्ट धरली. "तुमी कोन जी?"

"मी पोर्टलचं काम बघतो. हे माझं कार्ड."

"कार्ड तं कोनीबी छापते," तो म्हणाला आणि मुलीला मागे ओढलं. "फोनवर कसबा पेठ लिवलं हाये."

"पान परत उघडून बघा."

मुलीनं उघडलं. "बाबा, कोथरूड आलं."

"आतापावतर कसबा होतं अन् आता कोथरूड?" बापाचा चेहरा आणखी आवळला. "तुमीच बदलवलं काय?"

"मी नाही. मला जमलं नाही. आमच्या अपेक्षा खोब्रागडेंनी बदललं."

बोलता बोलता रंगारींच्या डोळ्यांपुढे एक सायकल दुरुस्तीवाला उभा राहिला. एक्क्याण्णव सालचा. काळे हात फडक्याला पुसत तो म्हणाला होता, "ऑफिस हललंय रे पोरा, चल, सोडतो तुला." आणि महिपती नावाच्या पोरानं पेटी छातीशी धरून उलट्या दिशेनं पळ काढला होता, हा लुबाडणार, अशी त्याची खात्री होती. इतकी वर्षं सांगितलेल्या कहाणीत हा माणूस त्यांनी एकदाही येऊ दिला नव्हता.

त्यांनी खिशातला फोन काढला, त्याचं लॉक काढलं आणि त्या बापाच्या हातात ठेवला. "हा तुमच्याकडे राहू द्या. काम झाल्यावर द्या. फाइल मला नको, तुमच्याकडेच असू द्या. फक्त चला."

बापानं फोनकडे बघितलं, मग रंगारींकडे. तिघं रिक्षात बसले. बापाचं नाव बाबुराव, मुलीचं पूर्वा, आणि गाव पवनीपासून अकरा किलोमीटर, हे कोथरूड येईपर्यंत कळलं.

चारला दहा कमी असताना पूर्वाच्या कागदांवर शिक्का बसला. बाबुरावांनी फोन परत केला. "बघून घ्या जी, सारं बरोबर हाये ना." रंगारींनी न बघता तो खिशात टाकला.

मग त्यांनी यादी बघायला मागितली. नऊ नावांपुढे जागा कोरी होती. त्यांना आणखी वेळ द्या, पत्ता आमच्याकडून चुकला, असं त्यांनी टेबलामागच्या मंदाकिनीबाईंना सांगितलं.

"तोंडी चालत नाही इथं," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "चूक कुणाची ते लेखी द्या. सही करा. मग उद्या बारापर्यंत घेते."

रंगारींनी कागद घेतला आणि लिहिलं: पत्त्याची चूक माझी आहे, अन्य कोणाचीही नाही. सही केली. मग यादी पुढ्यात ओढून पहिला नंबर लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यानं कापला. अनोळखी नंबर कोण उचलणार? त्यांनी पुन्हा पहिला लावला. चौथ्या वेळी कुणीतरी घेतला.

"कोण? कुठून?" पलीकडून एका मुलाचा करडा आवाज आला.

"ठेवू नकोस, बाळा," रंगारी म्हणाले. "आधी माझं नाव लिहून घे."