बोटानं न दाखवता येणारे शब्द

रेवसच्या धक्क्यावर ओहोटी होती, म्हणून लाँच सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ आबा माझ्या ट्रंकेशेजारी उभे राहिले. समुद्राचं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर ते पहाटेपासून होते आणि तिथून तसेच आले होते, पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल घेऊन. आई आली नाही. गोठ्यात काम आहे म्हणाली. माझा भाऊ दत्तू मला मुंबईपर्यंत पोचवणार होता आणि पुढे मी एकटी बोटीनं विलायतेला, नवऱ्याकडे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. लाँच हलली तेव्हा आबा एवढंच बोलले, "तिकडं कुनी इचारलं तं गप नको ऱ्हाऊ. येल तेवडं बोल."

येण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी आठवीला सुरू व्हायचं आणि आठवीसाठी अलिबागला जायचं, तिथं मुलींना कोण पाठवणार? हे बोलायचे तेवढं इंग्रजी मला डोंगराएवढं वाटे.

हे एका सूतगिरणीत रात्रपाळीला होते. इंग्लंडच्या उत्तरेकडचं ते गाव, सगळ्या भिंती धुरानं काळ्या. आमची खोली मिसेस हिल नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर. दिवसा हे झोपायचे, म्हणून मी भांडंही वाजू द्यायची नाही. रात्री ते कामावर, आणि मी खिडकीशी. कितीतरी दिवस असे गेले की यांच्याशिवाय माझ्याशी कुणी बोललं नाही आणि तेही जांभया देत.

रविवारी हे मला शिकवायला बसत. ते म्हणाले, वस्तूंची नावं आत्ता नकोत. बटाटा बोटानं दाखवता येतो. तो कसा हवा ते बोटानं सांगता येत नाही, तेव्हा आधी विशेषणं शीक. बिग, स्मॉल. हॉट, कोल्ड. गुड, बॅड. ओल्ड, न्यू. मी भाकरी थापता थापता घोकायची. चांगला, चांगली, चांगलं या सगळ्यांना एकच गुड पुरतं याचं मला आधी फार बरं वाटलं. पुढे लक्षात आलं की 'अलोन' म्हटलं तर ते बाईमाणूस आहे की पुरुष, हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

थंडी वाजली तर 'आय ॲम कोल्ड' म्हणायचं, असं यांनी सांगितलं तेव्हा मी ऐकेना. आपल्याकडे थंडी वाजते, भूक लागते. माणूस स्वतः थंड झाला म्हणजे गेला. असलं अभद्र मी का बोलू? शेवटी डिसेंबरात मिसेस हिलनं जिन्यात माझी काकडलेली बोटं पाहिली, तेव्हा ते वाक्य तोंडातून निघून गेलं. तिनं मला खाली शेगडीजवळ नेऊन बसवलं.

त्या दिवशी ती पुष्कळ बोलली. मला दहातला एक शब्द कळे. मेजावर हात फिरवत ती म्हणाली, "माय लेट हजबंड मेड इट." मेड कळलं नाही, पण लेट हा शब्द तर मी गावातूनच आणला होता. लाँच लेट, एस.टी. लेट. म्हणजे नवरा यायला उशीर आहे. तिनं मला कपाटातून कप काढायला सांगितले, तेव्हा मी तीन काढले. चहा झाला, अंधारलं, तरी कुणी येईना. गप्प राहायचं नाही म्हणून मी विचारलं, "युवर हजबंड व्हेरी लेट?"

ती हसली नाही. तिसऱ्या कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येस, लव्ह. व्हेरी लेट." आणि त्या कपातही तिनं चहा ओतला. यांनी दुसऱ्या दिवशी मला अर्थ सांगितला, लेट म्हणजे वारलेला. मी लाजेनं खाली जाईना, तर तीच वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "टी?" तेव्हापासून रोज दुपारी मी खाली जाऊ लागले.

दुसऱ्या वर्षी दत्तूचं पत्र आलं की आबा गेले. पत्र पोचलं तोवर तेरावाही होऊन गेला होता. हे माझ्या डोक्यावरून हात फिरवून कामावर गेले. न जाऊन कसं चालेल? मी खाली जाऊन आबा गेल्याचं सांगितलं. मिसेस हिलनं विचारलं, तुझे वडील कसे होते?

मराठीत कुणी विचारलं असतं तर मी रडले असते आणि काही सांगावंच लागलं नसतं. इंग्रजीत मला शोधावं लागलं. टॉल, म्हटलं. थिन. डार्क. गुड. हे सगळं खरं होतं आणि यात आबा कुठेच नव्हते. असा माणूस तर बाहेर रस्त्यावरही सापडला असता. मग मी म्हटलं, "वेट." ओले.

"वेट?" तिनं विचारलं.

"फीट वेट. ऑल डे वेट."

आणि मग मी बांध सांगितला. समुद्र एका बाजूला, भात एका बाजूला, मधे आबा. सॉल्टी वॉटर, स्वीट राइस. उधाणाला बांध फुटला तर तीन वर्षं जमीन खारी. हातांनी, मीठदाणीनं, मेजावर पाणी सांडून मी सांगत होते, आणि ती पुसायला उठली नाही. इतकं इंग्रजी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला रडू आलं.

गावी जायला मिळालं ते आणखी पाच वर्षांनी, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन. माघ होता, शेतातून पांढरे कांदे निघत होते. आईनं मला पाट मांडून सगळ्यांच्या आधी वाढलं. तुझ्याबरोबर जेवते म्हटलं तर म्हणाली, "बस गो. तू काय रोज येतेस?" शेजारणी येऊन विलायतेबद्दल विचारत. मोठं आहे, थंड आहे, चांगलं आहे, असं मी सांगे, आणि माझी विशेषणं तेवढ्यात संपत.

निघायच्या दिवशी आई ओटीवर कांद्यांची माळ विणत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "जावय हाय, पोर हाय, ते झालं. आनखी कोन हाय तुला तिकडं?"

"एक म्हातारी हाय."

तिनं जरा विचार केला. "मंग ही माल तिला ने," म्हणाली, आणि आणखी कांदे ओढून घेतले.

दत्तू ट्रंक उचलून अंगणात उभा होता, एस.टी. चुकेल म्हणून घाई करत होता. मी लेकीला कडेवर घेतलं आणि त्याला म्हटलं, "काळजी करू नको. पोचले की घरून पत्र टाकते."

"घरून?" दत्तूनं वळून विचारलं. आईनंही ऐकलं होतं. तिची बोटं एकदा थांबली, मग ती माळ विणत राहिली.