जोडसायकलचं मागचं पेडल

आधीच सांगून टाकतो, माझी अख्खी नोकरी मोजमापात गेली. घाटकोपरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. हातात मायक्रोमीटर, समोर ड्रॉइंग, आणि जे मापात बसत नाही ते बाजूला काढायचं. आमचं मूळ गाव मालवणजवळचं, त्यामुळे घरात भुताखेतांच्या गोष्टींना तोटा नव्हता. पण लहानपणीसुद्धा मी त्या ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बघणारा झोपेत असणार. आजही माझं मत तेच आहे. फक्त एक गोष्ट अशी झाली, जी माझ्या मापात बसली नाही आणि बाजूलाही काढता आली नाही…

साल चौऱ्याऐंशी असेल, नाहीतर पंच्याऐंशी. मुलुंड वेस्टला पाच रस्ता नाक्यापासून जरा आत आमच्या दोन खोल्या होत्या. आई, माझा मोठा भाऊ सुरेश, म्हणजे दादा, शैलावहिनी आणि मी. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सायकलवेडा माणूस. मला सायकल त्यानेच शिकवली. मुलुंडहून सायकलने थेट गावी जायचं, सामान आपलं आपण वाहायचं, रस्त्यात स्वतः रांधून खायचं, असं तो लग्नाआधीपासून म्हणत होता. दरवर्षी काहीतरी निघायचं आणि राहून जायचं.

मग तिशीत त्याची नजर कडेकडेने कमी व्हायला लागली. डोळ्याच्या मागची नस सुकतेय, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षांत पूर्ण अंधार. त्यानंतर त्याने टेलिफोन ऑपरेटरचं ट्रेनिंग घेतलं, नोकरी धरली. बाहेरच्यांना वाटायचं, सावरला माणूस. पण संध्याकाळी तो खिडकीत बसायचा आणि खालून सायकल गेली की म्हणायचा, "याच्या चेनला तेल नाही." एवढंच. ते ऐकलं की मला जेवण जायचं नाही.

एकदा असंच तो म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मी पुढे बसतो, तू मागे बस. जाऊ गावाला."

"डबलसीट? पाचशे किलोमीटर? मी काय तुझी बायको आहे?"

"डबलसीट नाही रे. जोडसायकल. दोन सीट, दोन हँडल, दोघांनी पेडल मारायचं."

त्याने खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "मधली चेन किती लांब लागेल?" तेव्हाच मला कळलं, हा येणार.

आईला कळलं तेव्हा ती हातातलं सूप ठेवून उभी राहिली. "त्येका दिसणा नाय आणि तुका अक्कल नाय. खंय चाललात?" वहिनीने मात्र ताडपत्री आणून सामानाच्या पिशव्या शिवायला घेतल्या.

सायकल भांडुपच्या एका गाळ्यात बनली. लोबो म्हणून एक मिस्त्री होते, त्यांनी दोन जुन्या सायकली कापून एक केली. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा चिमटा, दूधवाल्यांच्या मजबूत सायकलीचा लावला, वजन पेलावं म्हणून. दोन्ही पेडलं एका लांब चेनने एकमेकांना बांधलेली. मागचं पेडल हललं की पुढचं हलणारच, पुढचं थांबलं की मागचं थांबणारच. हे नीट लक्षात घ्या, कारण मला जे सांगायचंय ते सगळं त्या चेनवरच आहे.

पहिल्याच दिवशी आम्ही पडलो. दादा मागे बसून वळणावर स्वतःच अंग टाकायचा. इतकी वर्षं पुढे बसलेला माणूस!

"अरे दादा, तू मागे बसलायस!"

"माहितेय रे. त्यानेच तर वाट लागलीय."

महिनाभर रोज सकाळी आम्ही मुलुंड ते पवई, पवईहून आरे कॉलनीतून गोरेगाव आणि परत, असं करत होतो. रविवारी पुढे बोरिवलीपर्यंत. हळूहळू जमायला लागलं. मी बोलत राहायचो — खड्डा, चढ, उजवीकडे, म्हैस. तो ऐकून अंग सैल सोडायचा. पण त्याचं बोलणं मला ऐकू यायचं नाही. वारा आणि ट्रक. मग त्यानेच एक खूण काढली. पेडल एकदा मागे ढकललं तर हळू. दोनदा ढकललं तर थांब. चेन एकच असल्यामुळे ते थेट माझ्या तळपायाला कळायचं. त्याचा डावा पाय जरा जास्त जोर द्यायचा, तोही मला पाठ झाला होता. शंभर माणसं मागे बसवली असती तरी मी दादा ओळखला असता.

आणि पंक्चर! ट्यूब ओठांजवळ फिरवून भोक कुठे आहे ते तो मला दाखवायचा. मी पाण्याची बालदी आणेपर्यंत त्याचं घासून, सोल्यूशन लावून झालेलं असायचं.

निघायला तीन आठवडे होते. रविवार होता, हवेत गारवा होता. दादाला आदल्या दिवसापासून ताप. मी म्हटलं, तू झोप, मी सामान लादून एक फेरी मारून येतो, लोड घेतल्यावर सायकल कशी वागते ते बघतो. पिशव्यांत तीसेक किलो वाळू भरली होती.

"उतार सावकाश उतर," तो पांघरुणातून म्हणाला. नाराज होता. मला कळत होतं. पहिल्यांदाच सायकल त्याच्याशिवाय जात होती.

साडेसहाला निघालो. मागची सीट रिकामी, मागची पेडलं आपली आपण फिरतायत. विचित्र वाटत होतं. सवयीने मी दोनदा "खड्डा" ओरडलोही. पवईचा तलाव मागे पडला, आरेत शिरलो. तिथे एक लांब उतार होता, खाली वळण, वळणावर तबेल्यांकडे जाणारा रस्ता. वाळूच्या वजनाने सायकल भन्नाट पळायला लागली. मी पेडल मारणं थांबवलं, दोन्ही पाय एका रेषेत धरून नुसता बसलो होतो.

आणि पेडल मागे गेलं.

पाव फेरा. स्पष्ट. माझे बूट त्याबरोबर मागे ओढले गेले, डावा जरा जास्त जोराने. मग एक क्षण थांबून… परत एकदा.

मी विचार केला नाही. सवयीने ब्रेक दाबले, पाय घासत सायकल थांबवली, आणि मान वळवून विचारलं, "काय झालं?"

मागे कोणी नव्हतं. रिकामी सीट, वाळूच्या पिशव्या, सकाळचं कोवळं ऊन. लांबून म्हशींचा आवाज येत होता.

मला स्वतःचं हसू आलं. म्हटलं, चेन अडकली असणार. सायकल झाडाला टेकवून मधली चेन पूर्ण फिरवून पाहिली. एकही कडी आखडलेली नाही. पिशवीचा पट्टा कुठे गुंतलेला नाही. मग पुढच्या चाकापाशी वाकलो, तेव्हा ते दिसलं. फोर्कच्या डाव्या पायावर, वरच्या जोडापासून दोन बोटं खाली, एक बारीक तांबूस रेघ. नख लावलं तर नख आत गेलं. नळी जवळजवळ पाऊण फेरा तडकली होती. त्या वेगात, त्या वजनानिशी मी वळणापर्यंत पोचलो असतो तर पुढचं चाक माझ्यापासून वेगळं झालं असतं.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो.

वाळू ओतून टाकली आणि सायकल हातात धरून चालत मुलुंडला आलो. तीन तास लागले असतील. वाटेत कोणाशीही एक शब्द बोललो नाही. हे मुद्दाम सांगतोय.

दारात वहिनी उभी होती. "किती उशीर, भावोजी! ह्यांनी डोकं खाल्लंय माझं, अनिल आला का, अनिल आला का…"

दादा कॉटवर बसला होता. मी आत पाऊल टाकताच म्हणाला, "फोर्क ना? डावा?"

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "मी सकाळी चहा घेऊन गेले तर हे ताडकन उठून बसलेले. पाय असे मागे ओढले, एकदा, मग परत. आणि जोरात म्हणाले, थांब. मला वाटलं ताप चढला."

"किती वाजता?"

"नळाचं पाणी जाऊन थोडा वेळ झाला होता. साडेसात असतील."

मी उतारावर होतो ती वेळही साधारण तीच. मिनिटाचा हिशेब मी देऊ शकत नाही, घड्याळ बघितलं नव्हतं.

वहिनी आत गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "अन्या, सायकल हिरवी आहे?"

आता मला इथे एक कबुली द्यायला हवी. दादाला सायकल काळीच हवी होती, त्याच्या जुन्या सायकलसारखी. मिस्त्रींकडे त्या दिवशी काळा रंग संपला होता, त्यांनी उरलेला हिरवा मारला, हॉस्पिटलच्या भिंतींना असतो तसला. मला घाई होती. दादाने फ्रेमवरून हात फिरवत विचारलं होतं, "काळीशार ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळा झालो होतो. रंगाचं त्याला बोलू नका, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हटलं, काय फरक पडतो?

"हो," मी म्हटलं. "हिरवी आहे. मी खोटं बोललो."

तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "असं करू नकोस. मला जे कळतं ते तुझ्याच तोंडून कळतं ना रे."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

नंतर मी माझ्या परीने छडा लावला. रंगाचं सोडा, तो त्याला बिल्डिंगमधल्या कोणीही सांगितला असेल. वहिनी आणि आई नाही म्हणाल्या, तरी शक्य आहे. तापात माणूस पाय झाडतो, तेही शक्य आहे. लोबो मिस्त्रींनी दुसरा फोर्क बसवून दिला. मग तीच वाळू, तेवढंच वजन घेऊन मी त्याच उतारावरून वीस-पंचवीस वेळा खाली आलो. मुद्दाम ब्रेक मारून पाहिले, खड्ड्यात घालून पाहिली, चेन ढिली करून पाहिली. पेडल एकदाही आपणहून मागे गेलं नाही. कारखान्यातल्या एका सीनियर इंजिनिअरना विचारलं. ते म्हणाले, फोर्क वाकला असेल, त्याने हादरा बसला असेल. मी विचारलं, दोनदा? मध्ये थांबून? ते म्हणाले, हादरा कितीही वेळा बसतो. असेल. पण हादरा मलाही कळतो. हादरा दादासारखा डाव्या पायाने जास्त जोर देत नाही.

आम्ही गेलो. आई शेवटपर्यंत पुटपुटत होती, पण निघताना तिने तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. नऊ दिवस लागले. शाळांच्या ओट्यांवर झोपलो, स्टोव्हवर भात लावला. अकरा पंक्चरं झाली, अकराही दादाने काढली. आणि मी जे असेल ते सांगत गेलो. नदी आटलेली असेल तर आटलेली, डोंगर बोडका असेल तर बोडका. आधी मी त्याला खूश करायला सांगताना पदरची कुठे कुठे फुलं पेरायचो, तसलं काही नाही.

चौथ्या दिवशी कशेडी घाट चढताना दम लागला म्हणून उतरलो आणि कठड्यावर बसलो. आरेतल्या त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नव्हतो. तोच म्हणाला, "मी पुढे बसलो होतो."

"कधी?"

"त्या सकाळी. पडून पडून मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर यायचो ना, पवई आली असेल, आता आरे… तशात एकदम उजेड झाला. हँडल माझ्या हातात होतं. आणि दिसत होतं, अन्या. खरंखुरं. आठवणीतलं नाही. हिरवी नळी आणि तिच्यावरची ती रेघ."

मी त्याच्याकडे वळून बसलो.

"दोन-तीन सेकंद असतील. आणि मी खालीच बघत राहिलो रे. फोर्ककडे. मान वर केली असती तर झाडं दिसली असती. आकाश दिसलं असतं."

खाली दरीत एसटी वळण घेत होती, तिचा हॉर्न घुमत वर आला. दादाने चेहरा त्या आवाजाकडे वळवला होता. मी म्हटलं, "वर बघितलं असतंस तर मी नसतो."

"ते आहेच," तो म्हणाला आणि हसला. "म्हणून तर तक्रार करत नाहीये."

त्यानंतर त्याला पुन्हा कधीच काही दिसलं नाही. मी बऱ्याचदा विचारलं. मायक्रोमीटर अजून माझ्या कपाटात आहे, त्या तडकलेल्या फोर्कचा तुकडाही आहे. कोणी जाणकार वाचत असेल तर तडा कसा गेला हे मला सांगू शकेल, ते मला आधीच माहीत आहे. माझ्या पायाखालचं ते पेडल कोणी ढकललं, हे मात्र अजून कोणी सांगू शकलेलं नाही. मलाही नाही कळलं.