पानी नाय, गानं हाय

मोटरचा आवाज म्हणजे काय, हे विरारच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इमारतीच्या तळाशी पंप सुरू झाला की भिंतींतून एक जाडसर घुमघुम वर येते आणि घराघरातलं कुणीतरी हातातलं काम टाकून नळाकडे धावतं. आमच्या मनवेलपाड्याच्या घरात हे काम आईचं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते.

माझा नवरा जे संगीत ऐकायचा ते नेमकं असंच सुरू व्हायचं. इलेक्ट्रॉनिक, संथ, शब्द नाहीत, ठेका नाही. एका अल्बमची तर सुरुवातच नुसती घुमघुम होती. त्याने तो पहिल्यांदा स्पीकरवर लावला तेव्हा आई पिंपाचं झाकण काढून, कोरड्या नळाखाली बादली धरून उभी राहिली. तो हॉलमधून म्हणाला, "आई, पानी नाय, गानं हाय."

तो राजोडीकडच्या मच्छीमार घरातला. सातिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथे चारचौघांसारखा बोलायचा, पण घरी खुशीत असला की त्याचा 'ण' पळून जायचा. मी चिडवायचे, "पाणी म्हण की नीट." तो म्हणायचा, "पानी म्हटलं तर कमी ओलं होतं काय?"

आईने मात्र दर वेळी तीच चूक केली. पुढे पुढे मला शंका येऊ लागली, की ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणूनच ती बादली घेऊन उठते. त्या अल्बमचं खरं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. 'पाण्याचा अल्बम लाव' एवढंच.

मला ते संगीत सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. "दिवसभर मशिनी ऐकून पोट भरत नाही का तुझं?" असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "मशीन कामासाठी वाजतं. हे कशासाठीच वाजत नाय." या अल्बमांवर लिहिणारी मंडळी समुद्र, ध्यान, अंतराळ असलं काहीबाही लिहितात. राजोडीचा समुद्र मी पाहिला आहे, तो इतका सभ्य नाही. मला त्यात दुपारच घरात आल्यासारखी वाटायची. जेवणं झालेली, पडदा ओढलेला, कुणाला कुठे जायचं नाही. एक अल्बम होता त्यात जुन्या कॅसेटसारखी बारीक खरखर आणि तिच्याखाली पियानोचे दबके सूर. भात उतरवल्यावर झाकणावर हात ठेवावा, तसा तो उबदार होता. दुसऱ्यात एकच सूर इतका हळू बदलायचा, की बदलला हे बदलून गेल्यावर कळायचं.

आमचं लग्न तसंच संपलं. भांडणं झाली असती तर मी जिंकले असते, त्यात मी पटाईत आहे. पण तो गप्प होत गेला. एका रविवारी म्हणाला, "माझं मन इथे लागत नाही." 'नाही' म्हणाला, 'नाय' नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा आता परक्यासारखा बोलतोय. तो गावच्या घरी परत गेला, आणि यथावकाश कागदांवर सह्याही झाल्या.

राहिलं ते गाण्यांच्या ॲपचं खातं. ते त्याच्या नावावर होतं, माझ्या फोनवरही चालायचं, पण एका वेळी एकाच ठिकाणी. मी भाजी निवडताना काहीतरी लावायचे आणि मध्येच ते थांबायचं. म्हणजे त्याने तिकडे काहीतरी लावलेलं असायचं. तो काय ऐकतोय त्याचं नाव माझ्या पडद्यावर दिसायचं. मी परत लावायचे नाही. भाजी निवडत मनातल्या मनात तोच अल्बम ऐकायचे. त्याने मला अजून काढून टाकलं नाही, यावर मी बरीच मोठी आशा बांधली होती. आईलाही सांगितली नव्हती, ती हसली असती म्हणून नव्हे, तर तिनेही बांधली असती म्हणून. कधी पाण्याचा अल्बम दिसायचा. त्या दिवशी माझा स्वयंपाक चांगला व्हायचा.

मग एका आठवड्यात पडद्यावर हळदीची गाणी आली. एकामागून एक, सगळी नाचायची. या माणसाला असला दणदणाट सोसत नसे. स्वतःच्या बहिणीच्या हळदीतही तो मांडवामागे जाऊन उभा राहिला होता. त्या घरात ती एकच बहीण, तिचं लग्न कधीच होऊन गेलेलं. लग्नाचं असं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, त्याच्याशिवाय. मी शेंगांच्या शिरा काढत राहिले. हात थांबवला असता तर रडले असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲप पासवर्ड विचारू लागलं. आमचा जुना पासवर्ड मी टाकून पाहिला. चालला नाही. फोन करून विचारावं असं ते काही नव्हतं. सगळे अल्बम शोधले तर दुसरीकडे मिळतील, हे मला कळतं. मी शोधले नाहीत.

परवा दुपारी जेवणं झाली होती, पडदा ओढलेला होता, आणि घुमघुम सुरू झाली. मी सोफ्यावर पडले होते. भिंतीतून, फरशीतून, हळूहळू भरत येणारी तीच सुरुवात. मी डोळे मिटून घेतले. आता ही घुमघुम हळूहळू लांबत जाईल, आणि स्वयंपाकघरात पिंपाचं झाकण वाजेल. झाकण वाजलं.

"अगं ऊठ, पाणी आलं," आई आतून म्हणाली.

"पानी नाय, गानं हाय," मी म्हणाले.

ते माझ्या तोंडून कसं गेलं मला ठाऊक नाही. आई दारात आली. हातात बादली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मागे नळातून धार पडत होती.

पाणीच होतं.