वाचून दाखवायचं राहिलेलं प्रकरण

सकाळी दात घासत होतो तेव्हा कुंदाचा फोन आला. "भाऊजी, हे उठून नाई राह्यले..." एवढंच बोलली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतलं त्यांचं घर माझ्या घरामागच्याच गल्लीत. पोचलो तर विनायक कुशीवर पडलेला, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं. डॉक्टरांनी मनगट धरून पाहिलं आणि मान हलवली. इतक्या वर्षांची मैत्री, पण मला त्या वेळी रडू आलं नाही, राग आला. जिल्ह्यात कुणाचंही बिंग फोडायच्या आधी जो त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून यायचा, तो आम्हाला मात्र काही न सांगता निघून गेला.

हा सांगून येण्याचा नेम त्याला एका चुकीनं लावला. आर्वीत तो नवखा वार्ताहर होता, तेव्हा बातमीचं पाकीट वर्ध्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं असे. एका वसतिगृहातल्या धान्याच्या अफरातफरीवर त्यानं लिहिलं आणि घाईघाईत पाकीट गाडीत चढवलं. बातमी खरी होती, पण अधीक्षकाऐवजी तिथल्या गरीब कारकुनाचं नाव गेलं. मागाहून दिलगिरी छापून आली, पण कारकुनाच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली ती मोडलीच. तेव्हापासून विनायक ज्याच्यावर लिहायचं त्याच्यासमोर बसून आधी सगळं वाचून दाखवायचा, आणि शेवटी विचारायचा, "काही चुकलं असन तं सांगा, दुरुस्त करतो."

या नेमापायी त्यानं काय काय सोसलं! एका रेशन दुकानदारानं गरम चहाचा कप अंगावर भिरकावला, हा शर्ट झटकत म्हणाला, "अजून अर्धं राह्यलं." मी चिडवायचो, "लेका, वाघाच्या तोंडात डोकं घालून वर विचारतोस, चव बरी आहे ना?" तर म्हणायचा, "मास्तर, पाठीमागं बोललं तं ते चुगली होते. तोंडावर वाचलं का मंग बातमी." पुढे पेपरच्या मालकाच्या मित्राचीच बातमी हातात आली, ती त्यानं त्या मित्राच्या बैठकीत जाऊन वाचली, आणि संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. मग त्यानं पुस्तकं लिहिली. धरणात गेलेल्या गावांवरच्या पुस्तकाच्या प्रती खांद्याला पिशवी लावून तो स्वतः दुकानोदुकानी पोचवायचा. घर कुंदाच्या शाळेच्या नोकरीवर चाललं. तिनं त्याचा कधी पाढा वाचला नाही.

शेवटचं पुस्तक नदीतल्या रेतीवर होतं. यंत्रं रेती उपसतात, खड्डे राहतात, वरून पाणी सपाट दिसतं आणि पाय टाकला की माणूस खाली जातं. अशा बुडालेल्यांच्या घरी विनायक गावोगाव बसून आला. कागदोपत्री सगळ्यांचे पाय घसरलेले. शेवटचं प्रकरण धुणं धुवायला गेलेल्या रेणुका नावाच्या शाळकरी मुलीवर होतं, आणि ती जिथं बुडाली तो रेतीचा घाट दुसऱ्याच्या नावावर असला तरी यंत्रं प्रल्हादभाऊंची होती. प्रल्हादभाऊ म्हणजे कुंदाचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तिला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं.

कुंदा त्याची पहिली वाचक. ते प्रकरण तिनं वाचलं, मेजावर ठेवलं आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्यावर नवराबायकोत एक शब्द झाला नाही. प्रकाशक घाई करत होता. विनायक ते प्रल्हादभाऊंना वाचून दाखवायला त्यांच्या घरी आर्वीला निघायचा आणि बसस्थानकावरून परत यायचा. "मास्तर, पायच उचलून नाई राह्यला. हिचं माहेर जाते ना..." मी म्हणालो, या एका वेळी न वाचता छाप. तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोललो होतो. "मंग आजवर ज्यायच्या दारात गेलो, त्यायले काय तोंड दाखवू?" त्या काही महिन्यांत तो फार वाळला. जेवण तुटलं, हसणं गेलं. हृदयविकार म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, तेही खरंच असेल.

प्रल्हादभाऊंनी तिरडीला खांदा दिला, तेरवीचं सगळं उभं राहून केलं. तेरवीनंतर भावानं बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, ही आमच्याकडची रीत. ते गाडी घेऊन आले तेव्हा मी तिथंच होतो. कुंदाची पिशवी भरलेली होती. "चाल बाई," ते म्हणाले. कुंदा विनायकच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "दादा, बस. ह्यायचं एक प्रकरण वाचून दाखवाचं राह्यलं हाये."

ती रेणुकाचं प्रकरण वाचत गेली. शाळेत धडा वाचतात तसा सरळ आवाज. मला तिच्याकडे बघवेना, त्यांच्याकडेही बघवेना. संपल्यावर तिनं विचारलं, "काही चुकलं असन तं सांग, दुरुस्त करते."

मला वाटलं, प्रल्हादभाऊ उठून जातील.

"चुकलं हाये," ते म्हणाले. "ती धुणं धुवाले नव्हती आली. तिचा बाप माह्याच मशीनवर होता. त्याचा डबा घेऊन आलती. पाणी गुडघ्याइतकंच हाये, ये इकडून, म्हणून त्यानंच हाक मारली... आदल्या राती आम्ही तिथं खोदलं, हे त्याले मालूम नव्हतं. मंग त्याले गप मीच बसवलं."

कुंदानं पेन घेतलं, समासात लिहिलं, आणि लिहिलेलं त्यांना पुन्हा वाचून दाखवलं. "बरोबर हाये?"

त्यांनी मान हलवली. उभे राहिले. दारापाशी थांबून म्हणाले, "गाडी उभी हाये, बाई."

"तू जा, दादा."

गाडी वळेपर्यंत ती त्या खुर्चीवरून हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, प्रकाशकाले फोन तुम्ही लावा. माह्यानं आता बोलणं होणार नाई."