पूनमने सांगितलेली चूक

खुटबावच्या देवकात्यांची पूनम माझ्याकडे दौंडला इंग्रजी शिकायला येऊ लागली तेव्हा शाळेत होती. तिचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. वडील हनुमंत ऊस लावतात आणि माझ्याकडे दूध घालतात. पूनमने मात्र मातीतल्या जिवाणूंवर डॉक्टरेट केली. उसाला पाणी देऊन देऊन खारावलेली जमीन पुन्हा कशी पिकवायची, हा तिचा विषय.

पुढचं संशोधन जर्मनीत करायचं म्हणून ती वर्षभर तिथल्या संस्थांकडे अर्ज करत होती. दोनदा ऑनलाइन मुलाखत झाली, दोन्ही वेळा नकार आला. तिसरीही हुकली तर शिरूरजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं तिने कबूल केलं होतं. तिथे मातीचा संबंध नव्हता.

"आजी, माझं काय चुकतं?" तिने मला विचारलं.

"बस. आता मी मुलाखत घेणारी जर्मन बाई. या कामाची कल्पना कुणाची?"

"आमच्या सरांची."

"नमुने कुणी गोळा केले?"

"सरांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या टीमने."

दारात उभा असलेला हनुमंत हसला. "टीम म्हंजी ही आन् माझी मोटारसायकल. हिचे सर खुटबावला एकदाच आलते, ते बी हुरडा खायला."

"अण्णा! सरांविषयी असं बोलू नका."

"मग त्या लोकांनी नोकरी तुझ्या सरांनाच द्यावी का?" मी विचारलं.

आमच्याकडे मुलं अशीच वाढतात. गुरू असताना आपलं नाव पुढे करणं म्हणजे उद्धटपणा. मी परोपरीने समजावलं, पण तिची जीभ काही वळेना.

गावात विजेचा भरवसा नाही, म्हणून मुलाखत माझ्या घरी झाली. मी आणि हनुमंत स्वयंपाकघरात बसलो. सुरुवात तशीच झाली: आमचे सर, आमचे सर. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पलीकडच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, "या कामात सगळ्यात मोठी चूक कोणती झाली?"

"ती माझी," पूनम लगेच म्हणाली. चूक सरांच्या नावावर ती कशी टाकणार? पहिल्या वर्षी तिने फक्त वरवरची माती तपासली होती, त्यामुळे सगळे निष्कर्ष फोल ठरले.

"मग काय केलंत?"

मग तिने स्वतः खोल खड्डे खणले, नव्याने नमुने घेतले, तपासण्याची पद्धतच बदलली. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. बाई प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिल्या.

हनुमंतला इंग्रजी येत नाही. "काय म्हणती?" तो कुजबुजला.

"चूक कबूल करतेय."

"बोंबला!" म्हणून तो जमिनीकडे बघत बसला.

पुढच्या आठवड्यात दोघं सकाळीच आले. निवड झाली होती. पूनमचं हसणं आणि रडणं एकदमच चाललेलं.

"चुकलेल्यांना नोकरी देत्यात व्हय?" हनुमंत म्हणाला. "मग आमच्या निम्म्या गावाला जर्मनीला धाडावं लागंल!"

किती तरी दिवसांनी त्याने माझ्याकडे निवांत बसून चहा घेतला. पूनमने तिथूनच कारखान्याला फोन लावला. येत नाही, हे सांगताना ती इतकी खुशीत होती, की पलीकडच्या साहेबांनीच तिचं अभिनंदन केलं.