गाडीचं नाक आणि मामींचा एक डोळा

मी बावीस वर्षं सोलापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आहे, त्यामुळे गाडीचा एसी मला कळतो, असं गेल्या मे महिन्यापर्यंत माझं मत होतं.

त्या महिन्यात माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे मामींच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर त्या आमच्याकडे राहिल्या आणि मग त्यांना करमाळ्याकडच्या गावाची, खरं तर तिथल्या शेळ्यांची, ओढ लागली. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण बजावलं की डोळ्यात धूळ नको, घाम नको आणि खाली वाकायचं नाही. मी म्हणालो, काळजीच नको, गाडीला एसी आहे. (हे मी जरा मोठ्यानं म्हणालो. बाहेर रांगेत आमच्या कॉलेजातले दोन सहकारी बसले होते.)

सोलापूर सोडलं, मोहोळ गाव मागं पडलं आणि एसीतून गरम वारा सुरू झाला. माझी बायको सुजाता हळूच म्हणाली, गारवा कमी वाटतोय. मी तिला सांगितलं की बाहेर त्रेचाळीस आहे, थोडा वेळ लागणारच. दहा मिनिटांनी चुलीपुढं तोंड धरल्यासारखं वाटायला लागलं. काच उघडावी तर धूळ, लावावी तर घाम. मामींच्या कपाळावरचे थेंब पट्टीच्या दिशेनं निघाले होते आणि सुजाता टॉवेल घेऊन त्यांच्यावर पहारा देत होती.

एका लिंबाखाली गाडी थांबवली. मामींना सावलीत बसवून मी बॉनेट उघडलं आणि तपास हाती घेतला. बटण निळ्याकडेच होतं. पंखा जोरात होता. सुजाताला एसी चालू-बंद करायला लावून मी इंजिनाजवळ कान नेला. कॉम्प्रेसर टक् करून सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. झालं! गॅस संपलाय, असं मी जाहीर केलं आणि दाब व तापमान यांचा संबंध सुजाताला भर उन्हात पहिल्यापासून समजावला. ती एवढंच म्हणाली की आईची पट्टी घामानं भिजायला लागलीय, आपण परत फिरू या.

तेवढ्यात पट्टीवरून काळा चष्मा लावलेल्या मामी सावकाश चालत आल्या. आयुष्य शेळ्यांमागं गेलेली ही बाई. बॉनेटवर हात टेकून त्या म्हणाल्या, "पाव्हणं, शेळीला उनात धाप लागली की आमी आदी तिचं नाक बगतो. हिचं नाक कुटं हाय?"

विद्यार्थ्याच्या भोळ्या प्रश्नाला हसावं तसं मी हसलो. म्हणालो, मामी, यंत्राला नाक नसतं.

"मग वारं कुटनं घेती?"

वारं पुढच्या जाळीतून येतं. तिथं मी पाहिलंच नव्हतं.

"वाका की," मामी म्हणाल्या. "मला वाकायला बंदी हाय."

मी भर रस्त्यालगत स्वतःच्या गाडीपुढं गुडघे टेकले. (शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं गाडीला नमस्कार केला. त्याला काय वाटलं देव जाणे!) जाळीमागं करडं घोंगडंच तयार झालं होतं. उसाच्या पाचटाचा चुरा, धूळ, मेलेली फुलपाखरं, आणि हे सगळं चिकटलं होतं एका मच्छरदाणीला.

मच्छरदाणी आमचीच होती. हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले, तेव्हा यंत्रात कचरा जाऊ नये म्हणून मीच ती तारेनं घट्ट बांधली होती. सुजातानं रंग ओळखला. तिला मी सांगितलं होतं की मच्छरदाणी उंदरांनी खाल्ली.

मी ती ओढून काढली. इंजिन थोडं निवल्यावर मामींनी मला प्यायच्या पाण्यानं जाळी धुवायला लावली, तीही हळूहळू, करडाचं तोंड पुसावं तशी. गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांत गार वारा आला. एका डोळ्याला पट्टी असलेल्या बाईला जे दिसलं, ते माझ्या दोन डोळ्यांना आणि एका पदवीला दिसलं नव्हतं.

मी मामींची माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "आसू द्या. मी बी एकदा थंडीत करडाला पोत्यात लई घट्ट गुंडाळलं हुतं. माया जास्त झाली की जीव गुदमरतो."

सुजातानं टॉवेल बाजूला ठेवला आणि मच्छरदाणीचा विषय काढला नाही, हे तिचे उपकार.

गावात पोचलो तर मामींचा डोळा बघायला सगळी आळी जमलेली. मामींनी डोळ्याचं दोन शब्दांत आटपलं आणि सांगितलं की वाटेत गाडी बिघडली, ती पाव्हण्यांनी गुडघ्यावर बसून दुरुस्त केली. मच्छरदाणीबद्दल चकार शब्द नाही! इतक्या मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात एक फवारणीचा पंप, एक मिक्सर आणि एक अख्खा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरवाल्यानं अदबीनं विचारलं, "काय झालं आसंल, सर?"

मी ट्रॅक्टरभोवती गंभीरपणे दोन फेऱ्या मारल्या, त्याला थांबायला सांगितलं आणि मामींना उठवायला आत गेलो.